बिनगड्ड्याचा कोबी

परवा आईने बाल्कनीतल्या कुंडीकडे बघून विचारलं, "याला गड्डा कधी धरणार?"

म्हटलं, "कधीच नाही. हा केल, आपल्या कोबीचा थोरला भाऊ. याची नुसती पानं खायची."

"गड्डाच नाही तर कोबी कसला?" असं म्हणून ती आत गेली.

गंमत म्हणजे उत्तर 'कोबी' या शब्दातच आहे. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, आणि त्यांच्यामागोमाग कितीतरी शब्द आपल्या स्वयंपाकघरात शिरले. त्यांचा शब्द 'कोव्ह'. त्याचं मूळ लॅटिन 'कॉलिस', म्हणजे दांडा. गड्ड्याचा संबंधच नाही! इंग्रजी 'कॅबेज' मात्र 'डोकं' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. म्हणजे इंग्रजांनी डोकं धरलं, आपण दांडा.

आणि दांडाच खरा जुना. युरोपच्या किनाऱ्यावरच्या रानटी कोबीला गड्डा नसतो. केल, गड्ड्याचा कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी त्या एकाच जातीची रूपं, माणसाने निवडून निवडून घडवलेली.

उत्तर पोर्तुगालमधल्या मिन्यू भागात आजही परसात बिनगड्ड्याचा कोबी असतो. खालची पानं खुडत जायची, शेंडा राखायचा. झाड कमरेच्या वर जातं आणि महिनोन् महिने पानं देत राहतं. गड्डा एकदा कापला की संपला. ज्या घरात रोज बाजार परवडत नाही, तिथे हा फरक फार मोठा. याच पानांचं तिथलं प्रसिद्ध सार म्हणजे 'काल्दु व्हेर्द', हिरवं सार. पानं अगदी बारीक चिरून उकडून घोटलेल्या बटाट्यात घालतात. बटाटा त्यांच्याही भाषेत 'बताता'. म्हणजे या गरिबाघरच्या साराचे दोन्ही मुख्य शब्द आपल्याकडे पोचले, सार तेवढं राहून गेलं.

असो. काल संध्याकाळी बघते तर कुंडीतली खालची चार पानं गायब! आईने चणाडाळ घालून परतली होती.

"शेंडा नाही ना तोडलास?" मी घाबरून विचारलं.

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली, "परसातलं अळू आम्ही असंच खुडायचो."