मावल्याहून आर्क्टिकला : छोट्या जहाजाच्या सफरीआधी काय पाहावं?

मावला (जि. आदिलाबाद) : आर्क्टिकची जहाजसफर म्हटली की खर्च आणि थंडी आधी डोळ्यांपुढे येते. पण लाखो रुपये भरलेली सफर एका साध्या कागदापायी अडू शकते. आदिलाबाद, यवतमाळ, नांदेडकडून निघणाऱ्यांसाठी ही थोडक्यात माहिती.

कुठे आणि कधी?
छोट्या जहाजांच्या बऱ्याच सफरी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरबेन गावातून सुटतात. हे गाव ७८ अंश उत्तरेला आहे. मावल्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. तिथून विमान बदलत ऑस्लो गाठायचं, पुढे सुमारे तीन तासांत लाँगइयरबेन. मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट तिथे सूर्य मावळतच नाही.

व्हिसा दोन प्रवेशांचा हवा
स्वालबार्डला वेगळा व्हिसा लागत नाही, पण ही बेटं शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत आणि वाट नॉर्वेतूनच जाते. जाताना ऑस्लोत उतरलं की एक प्रवेश, परतताना दुसरा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद! म्हणून अर्जातच दोन किंवा अधिक प्रवेश मागायचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

विमा
शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. लाँगइयरबेनचं हॉस्पिटल लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानानं ट्रॉम्सोला हलवतात. समुद्रातून हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च विम्यात धरलाय का, हे आधी विचारून घ्यावं.

जहाज छोटंच का?
१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी आहे. तिथे किनाऱ्यावर उतरायलाही ठरावीक ४३ जागाच आहेत. पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून ५०० मीटर दूर राहावं लागतं. कुठे उतरायचं हे रोज बर्फ, वारा आणि अस्वलं पाहून ठरतं. छापील कार्यक्रम बदलला म्हणून भांडून उपयोग नसतो.

सामान
जुलैत तिथलं सरासरी तापमान ६-७ अंश, म्हणजे आदिलाबादची डिसेंबरातली पहाट. पण समुद्रावरचा वारा बोचतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा लोकरीचे थर आणि वर पाणी न शिरणारं जाकीट-पँट बरी. बूट, बॅग, कपडे घरूनच झाडून न्यावेत. गोखरू, कुसळं, सरकी असं कुठलंही बी तिकडे जाता कामा नये. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. शाकाहारी जेवणाचं बुकिंगवेळीच सांगावं.

तिथे आपलं काय?
नी-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचं काम गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था पाहते. तिथे मोबाईलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. लाँगइयरबेनजवळच्या डोंगरात जागतिक बियाणे कोठार आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ज्वारी, तूर, हरभऱ्याचं वाण तिथे जपून ठेवलंय. पर्यटकांना आत सोडत नाहीत, दार मात्र बाहेरून पाहता येतं.