बडोद्यातील दोन बिऱ्हाडे : १८९३ आणि १९१७

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत भाडेकरूंचे दोन वर्ग मानले जात. एक कॉलेजात शिकावयास आलेला विद्यार्थी आणि दुसरा कोठेतरी नोकरीस लागलेला सडाफटिंग तरुण. विद्यार्थ्याविषयी घरमालकास फारशी चौकशी करावी लागत नसे. त्याचा बाप गावी असे, त्याच्यावर प्राचार्यांची नजर असे आणि परीक्षा आटोपली की तो ट्रंक उचलून जाणार, हे ठरलेले असे. दुसऱ्याचे तसे नव्हते. तो कोठून आला, किती दिवस राहणार, कोणाच्या पंक्तीला जेवतो, आणि मुख्य म्हणजे लग्न केव्हा करणार, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यास जिन्याखालीच द्यावी लागत. विद्यार्थ्यास वसतिगृह असे. या तरुणास मात्र घरमालकाच्या मर्जीवाचून गती नसे.

बडोदे ही राजधानी तर होतीच. पण विद्येचे गाव म्हणून तिची कीर्ती झाली ती सयाजीराव महाराजांच्या अमदानीत. १८८१ साली महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, त्याच वर्षी बडोदे कॉलेजचा आरंभ झाला. १८९० मध्ये कलाभवन निघाले, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि १९४९ मध्ये विद्यापीठ. या संस्थांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांत प्राचार्य आहेत, देणगीदार आहेत, नामांकित विद्यार्थी आहेत. परंतु अशा गावात शिक्षणासाठी नव्हे तर पोटासाठी आलेला तरुण पहिल्या रात्री कोठे झोपला, याची नोंद सहसा कोठे सापडत नाही. दोघांच्या बाबतीत ती सापडते. दोघेही विद्यार्थी म्हणून आलेले नव्हते, दोघेही परदेशी शिकून संस्थानच्या चाकरीत रुजू होण्यास आले होते.

पहिले अरविंद घोष. १८९३ च्या फेब्रुवारीत ते बडोद्यास आले तेव्हा त्यांस एकविसावे वर्ष चालू होते. महाराजांची व त्यांची गाठ लंडनलाच पडली होती आणि दरमहा दोनशे रुपये वेतन ठरले होते. आरंभी त्यांनी जमीनमोजणी, स्टँप, महसूल अशा खात्यांत काम केले. कॉलेजात फ्रेंच शिकविण्याचे काम त्यांजकडे आले ते त्यानंतर काही वर्षांनी. बालपणीच विलायतेस धाडले गेल्याने त्यांस मातृभाषाही धड येत नव्हती; मराठी व गुजराती तर त्यांनी येथे येऊन शिकावयास घेतल्या. समुद्र ओलांडून आलेला, आचारविचारांनी परका असा हा बंगाली तरुण. तरीही त्याच्या बिऱ्हाडाची चिंता बडोद्याच्या मराठी मंडळींनी वाहिली. संस्थानचे अधिकारी खासेराव जाधव यांच्या दांडिया बाजारातील घरी ते पुष्कळ काळ राहिले. खासेरावांचे बंधू माधवराव यांच्याशी त्यांचा जिवाभावाचा स्नेह जुळला. पुढे बडोदे सोडल्यानंतर १९०८ च्या जानेवारीत ते पुन्हा आले, तेव्हा विष्णु भास्कर लेले यांच्या सान्निध्यात त्यांनी ध्यानाचे ते प्रसिद्ध तीन दिवस काढले, तेही सरदार मजुमदारांच्या वाड्यातील माडीवर. दांडिया बाजारातील अरविंद निवास पाहावयास आज लोक दुरून येतात आणि आमच्या घरांतून हे सारे अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान खोटा नाही.

आता दुसरी नोंद. ती मात्र आमच्या घरांतून क्वचितच सांगितली जाते.

भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म इंदूरजवळच्या महूचा, लष्करी छावणीतला. म्हणजे आम्ही ज्यास परमुलखातील मराठी माणूस म्हणतो, तसेच तेही. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी असा करार करून घेतला. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास संपवून, लंडनचा अर्धवट सोडून, कराराप्रमाणे ते हजर झाले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पुढे १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या, त्या त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाल्या. त्यांत बडोद्याचे प्रकरण सविस्तर आले आहे. स्टेशनावर उतरताच प्रश्न पडला की जावे कोठे? गावात हिंदूंच्या विशी होत्या. विशी म्हणजे राहण्याजेवण्याची सोय असलेल्या खाणावळी. तेथे जात लपविल्यावाचून प्रवेश नव्हता, आणि ती उघडकीस आली तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. बरोबर शिकलेले काही मित्र गावात होते, परंतु त्यांच्या दारी जाऊन त्यांस अवघडविणे मनास येईना. शेवटी पारशी धर्मशाळा आठवली. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या विचाराने धीर करून त्यांनी घोडागाडी तिकडे वळविली.

धर्मशाळा दुमजली होती. खाली एक वृद्ध पारशी कुटुंबासह राहून देखरेख करीत असे. पाहुणा कोट उतरवून बसला, तेव्हा अंगात सदरा नाही, कमरेस कस्ती नाही, हे त्याच्या ध्यानात आले. जागा केवळ पारशांसाठी आहे, असे तो म्हणाला. परंतु बरेच दिवस एकही गिऱ्हाईक आलेले नव्हते. अखेर तडजोड झाली. वहीत पारशी नाव लिहावयाचे आणि राहण्याजेवण्याचे रोजचे दीड रुपया द्यावयाचे. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, तिला लागून न्हाणी, आणि उरलेले सारे एक मोठे दालन. त्यात मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या असा अडगळीचा पसारा. विजेचा दिवा नव्हता, रात्री कंदील. दालनात वटवाघळे फिरत. सकाळी चहा आणि जेवण, मग दहाला कचेरी. परतावयाचे ते रात्री आठला, शक्य तितका वेळ बाहेर काढून. उरलेले सामान घेऊन मुंबईहून त्यांचा भाचा आला. मामाची ती दशा पाहून तो इतका रडू लागला की त्यास ताबडतोब परत पाठवावे लागले.

संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणसाहेबांकडे अर्ज केला होता. अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी जेवण आटोपून ते कचेरीस निघण्याच्या तयारीत होते. रात्री ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करावयाची म्हणून त्यांनी ती हाती घेतली, तोच जिन्यावर पावले वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. धर्मशाळा बाटविली, असा त्यांचा आरोप होता. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग, असे बजावून ते गेले. मंडळींनी वाचताना त्या पुस्तकांवर क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ज्या गावाने एका रात्रीपुरते पुस्तक विश्वासाने उसने दिले, त्याच गावात पुस्तक नेणाऱ्यास खोली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांस विचारले. एक हिंदू होता. त्याने हळहळ व्यक्त केली, परंतु तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे म्हणाला. दुसरा ख्रिस्ती. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे त्याचे उत्तर. हे जोडपे मूळचे ब्राह्मण होते, आणि पती उदार असला तरी पत्नी सोवळ्याची होती. दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. त्यांनीच लिहिले आहे की मन कधी सुन्न होई, कधी दुःखाने भरून येई, आणि निराधार मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवत. गाडी आली आणि ते गेले. बागेतील त्या स्थळाला आज संकल्पभूमी म्हणतात, तेथे दर २३ सप्टेंबरला लोक मोठ्या संख्येने जमतात. त्यांच्या स्वतःच्या लेखात मात्र संकल्पाचा उल्लेख नाही. आहे ते एका तरुणाचे एकाकीपण, आणि आमच्या मते तेच अधिक बोलके आहे.

या प्रसंगाचे खापर पारशी मंडळींवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. काठ्या त्यांच्या हातात होत्या, हे खरेच. परंतु रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत तेव्हा मराठी वाड्यांची काय कमतरता होती? संस्थानच्या दप्तरांत मराठी अंमलदारांची वाण नव्हती. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि १९२१ मध्ये पुन्हा भरले. १९१७ हे वर्ष या दोहोंच्या मधले. भाषा हीच परमुलखात आमची खरी नाळ, असे आमचे पूर्वज म्हणत आले आणि आम्हीही म्हणतो. मराठी न येणाऱ्या बंगाल्यास चोवीस वर्षांपूर्वी घर मिळाले होते. ज्याची मातृभाषाच मराठी, त्याला मिळाले नाही. नाही म्हटल्याची नोंद कोणत्या घराच्या दप्तरात सापडण्याचा संभव नाही, कारण आंबेडकरांनी त्या दारांवर थाप मारलीच नाही. मारून उपयोग नाही, हे त्यांस स्टेशनावरच ठाऊक होते.

महाराजांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. अंत्यजांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, वसतिगृह काढले, शिष्यवृत्त्या दिल्या, नोकरी दिली. दरबारचा हुकूम शाळेत चाले, कचेरीत चाले. भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी तो थबके. भीमराव त्या वेळी विद्यार्थी असते, तर संस्थानच्या वसतिगृहात कदाचित त्यांची सोय झाली असती. ते नोकरदार झाले होते, आणि नोकरदाराचे बिऱ्हाड ही त्याची खासगी बाब. बंगल्याचा अर्ज फिरत राहिला त्याचे कारण हेच असावे असा आमचा तर्क आहे. कोणी तो फेटाळला नाही. तो निकालात काढणे हे कोणाचेच काम नव्हते.

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने धर्मशाळा व खाणावळी सर्वांस खुल्या केल्या, आणि वस्तीत घर घेण्याराहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हाही गुन्हा ठरविला. परंतु ‘खोली कालच गेली’ या वाक्याविरुद्ध पुरावा कोणता द्यावयाचा? विद्यापीठाच्या आसपास खोली शोधणाऱ्या नव्या नोकरदार मुलामुलींस आजही भाड्याच्या आकड्याआधी आडनाव विचारले जाते. कोणी मांसाहाराचे निमित्त सांगतो, कोणी केवळ कुटुंबास द्यावयाची आहे म्हणतो. विचारणाऱ्यांत आमच्यापैकीही आहेत.

आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरास काढलेले वसतिगृह. पुढे १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेस जे महाविद्यालय काढले, ज्यास नंतर मिलिंद हे नाव मिळाले, त्याच्या आवारातही खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्याची सोय केली गेली. शिकावयास येणाऱ्याने खोलीसाठी कोणाच्या जिन्याखाली उभे राहू नये, एवढी तजवीज झाली. शिक्षण संपवून कचेरीत लागणाऱ्यास मात्र गावातच घर शोधावे लागे.