पन्नाशीनंतर धावण्याचा श्रीगणेशा

धावणे हा तरुणांचा व्यायाम, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. शाळेतील शर्यती संपल्यावर ज्यांचा धावण्याशी संबंध केवळ सुटणारी एसटी पकडण्यापुरता उरला, त्यांना पन्नाशी-साठीत नव्याने सुरुवात करणे धाडसाचे वाटते. वस्तुतः अशा नवशिक्यांना वयापेक्षा घाईच अधिक नडते. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात; हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम पुरू लागला म्हणून अंतर वाढवले आणि टाच किंवा पोटरी दुखावली, असे घडते ते या तफावतीमुळेच.

वय किती आड येते?

अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून त्यांच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास करण्यात आला होता. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना चालणे, हळू धावणे व सायकल चालवणे असा सहा महिन्यांचा क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम देण्यात आला. तीस वर्षांत प्राणवायू वापरण्याची जी क्षमता त्यांनी गमावली होती, ती सरासरीने भरून निघाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अवघ्या पाच जणांपुरता असला, तरी दिशादर्शक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ४५ ते ६४ वयोगटातील बैठी जीवनशैली असलेल्या व्यक्तींनी दोन वर्षे नियमित व्यायाम केला, तेव्हा ताठर होऊ लागलेल्या त्यांच्या हृदयाची लवचिकता सुधारल्याचे आढळले.

संथ धावण्याचा इतिहास

अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने तेथे सामान्य नागरिक गटागटाने संथ धावत असत. सत्तरी पार केलेल्या एका गृहस्थांच्या बरोबरीने धावताना बॉवरमन मागे पडले. मायदेशी परतून त्यांनी लोकांना हळू धावण्यास शिकवले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, ही कसोटी तेव्हापासून सर्वमान्य आहे.

आपल्याकडे बारामतीच्या लता भगवान करे यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या माउली नऊवारी लुगड्यात, अनवाणी तीन किलोमीटरची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरील चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली व ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. मात्र त्यांच्या पायांमागे शेतमजुरीची अनेक वर्षे होती, हे विसरता कामा नये. खुर्चीत बसून आयुष्य घालवलेल्याला ती पुंजी आधी चालून जमवावी लागते.

आधी तपासणी, मग बूट

रक्तदाब, रक्तातील साखर व हृदय यांची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. कुटुंबात अकाली हृदयविकार झाला असल्यास ते आवर्जून सांगावे. रक्तदाबाची काही औषधे नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशांनी मनगटी यंत्रातील आकड्यांपेक्षा बोलण्याच्या कसोटीवर विसंबावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर बाळगावी. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा निराळा दम यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

पहिले नऊ आठवडे

जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये, आपल्या पन्नाशीतील आईसारख्या नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यात आठवड्यातून तीनच दिवस धावायचे असते. आरंभी पाच मिनिटे झपझप चालावे. नंतर साठ सेकंद धावणे व नव्वद सेकंद चालणे, असे वीस मिनिटे आलटून पालटून करावे. पुढे चालणे कमी व धावणे अधिक होत जाते आणि नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येणे अपेक्षित असते. ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांनी प्रत्येक आठवडा दोनदा करावा. त्यात कमीपणा नाही. मधल्या दिवसांपैकी दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे, टाचा उचलणे असे स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. अर्धवट बरे झालेले दुखणे घेऊन धावू नये.

रत्नागिरीत कोठे धावावे?

हे शहर सड्यावर आणि सड्याखाली असे वसले आहे. मांडवीहून मारुती मंदिराकडे येणारा चढ नवशिक्याने पहिले काही महिने चालतच चढावा; उतारावर गुडघ्यांना अधिक हिसका बसतो, म्हणून तेथेही चालणेच बरे. आरंभासाठी मारुती मंदिराजवळील शिवाजी स्टेडियमचे सपाट मैदान किंवा भाट्ये येथील सुरूच्या बनालगतची पुळण सोयीची आहे.

पुळणीवर जाण्यापूर्वी तिथी पाहावी. दर्यावर्दींच्या जुन्या हिशेबाप्रमाणे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते. त्याच्या सुमारे सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी असते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास असल्याने सकाळी पायाखाली कोरडी, भुसभुशीत वाळू येते व पोटऱ्या भरून येतात. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस सकाळी ओहोटीची ओली, घट्ट वाळू मिळते. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एकच पाय सतत खाली पडतो. म्हणून गेल्या वाटेनेच परतावे.

येथील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर तापते. उन्हाळ्यात व ऑक्टोबरमध्ये सूर्योदयापूर्वीच धावून घ्यावे, वेग आणखी कमी ठेवावा. पावसाळ्यात जांभ्या दगडावरील शेवाळ व खवळलेला समुद्र दोन्ही टाळावेत. ते चार महिने घरातील व्यायामावर भर दिला तरी चालेल. रस्त्यावर धावताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिकट रंगाचे कपडे घालून धावावे. उतारवयात धावू लागून जगप्रसिद्ध झालेले फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये पंजाबातील आपल्या गावी वाहनाची धडक बसून गेले, हे ध्यानात असावे.

जानेवारी २०२४ मध्ये रत्नागिरीत झालेल्या कोकण कोस्टल मॅरेथॉनमध्ये लांब अंतरांबरोबर पाच किलोमीटरचाही गट होता. वर्षभराच्या सरावानंतर एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. त्या दिवशी किती वेळ लागला यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना सहज उतरता आला का, हे महत्त्वाचे.