डोंगराच्या चित्रातला माणूस

आपल्या घरी भिंतीवर निसर्गचित्राचे कॅलेंडर असते. डोंगर, झरा, झाडी सगळे असते. माणूस असलाच तर कोपऱ्यात, ठिपक्याएवढा. त्याच्याकडे कोण बघतो? पण चित्रकलेच्या इतिहासात हाच ठिपका पुष्कळ काही सांगून जातो.

चीनमध्ये सुंग राजवटीत, इ.स. १००० च्या सुमारास, फान क्वान नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. सुरुवातीला तो आधीच्या चित्रकाराच्या वळणावर शिकला. पुढे डोंगरातच जाऊन राहिला व निसर्गालाच गुरू मानले. 'डोंगर-ओढ्यांतले वाटसरू' हे त्याचे रेशमी कापडावरचे चित्र आज तैवानमध्ये तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. चित्राची उंची सुमारे २०६ सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाहून जास्त! वरचा बहुतेक भाग एकाच प्रचंड कड्याने व्यापला आहे. झाडीतून मंदिराची छपरे डोकावतात. आणि अगदी खाली, उजव्या हाताला, ओझी लादलेली खेचरे हाकत दोन इवलीशी माणसे चालली आहेत.

ती माणसे बोटाने झाकून बघा. कडा केवढा उंच, तेच कळेनासे होते. डोंगराचे मोठेपण कळते ते या लहान माणसांमुळे.

पुढे सुमारे २०० वर्षांनी दरबारी चित्रकार मा युआन याने 'वसंतातली डोंगरवाट' हे चित्र काढले. इथे माणूस चांगला ठळक झाला. पण कोण माणूस? झगा घातलेला विद्वान, पाखरे न्याहाळत उभा. मागून त्याचे वाद्य उचलून एक नोकर पोरगा येतो आहे. वाट दोघांची एकच. पण निसर्ग बघण्याची फुरसत एकाला आणि ओझे दुसऱ्याला.

फान क्वानच्या चित्रात असा धनी कुठेच ठळक नाही. पुढे दिसतात ती राबणारी माणसे. शिवाय एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५८ साली संग्रहालयातील एका अभ्यासकाला या चित्रात चित्रकाराची सही सापडली. कुठे? त्या खेचरांच्या मागच्या झाडीत, पानापानांत दडलेली. एवढा मोठा कडा होता, पण नाव लिहिले ते या कष्टकऱ्यांच्या शेजारी.

तेव्हा मुलाबाळांना निसर्गाचे चित्र दाखवाल, तर नुसता डोंगर दाखवू नका. वाटेने कोण चालले आहे आणि ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, हेही त्यांना शोधायला सांगा.