७५० पैकी २८२

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण मिळाले ७५० पैकी २८२, म्हणजे शंभरात ३८ सुद्धा नाहीत. या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. या गुणांवर तो एल्फिन्स्टन कॉलेजात गेला आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असते. मला मात्र हा २८२ चा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या काळी मॅट्रिक पास होणं हीच कॉलेजची पात्रता होती. टक्क्यांची कट-ऑफ यादी लागत नव्हती. याचा अर्थ दरवाजा सर्वांना उघडा होता असा नाही. चाळणी होती, पण ती परीक्षेच्या फार आधी लागायची. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी शाळा. तिथेही भीमरावांना फळ्यापाशी बोलावलं, तेव्हा विटाळ होईल म्हणून मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे घाईघाईने हलवले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण शिक्षकांनी अस्पृश्य मुलाला शिकवायला नकार दिला. म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे बी. ए. सुद्धा इंग्रजी आणि फारसी घेऊनच झालं.

आज फारसी म्हटली की ती थेट मुसलमानांच्या खात्यावर मांडली जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत, देववाणीचा दरवाजा बंद झालेल्या एका महार मुलाला ती भाषा वर्गात बसू देत होती, ही नोंद आपण जपायला हवी. बाबासाहेबांच्या मनातली संस्कृतची ओढ मात्र गेली नाही. ती भाषा ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले.

आता त्या २८२ गुणांमागचं घर पाहा. परळच्या चाळीतली एक खोली. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळं तिथेच. त्याच खोलीत जातं आणि शेळीसुद्धा. वडील रामजी सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. उजेड काच नसलेल्या चिमणीचा. गुणपत्रिकेवर यातलं काहीच छापलेलं नसतं. कोणी किती वजन उचलून धाव घेतली हे तिथे दिसत नाही, फक्त शर्यतीची वेळ दिसते.

ते वजन दोघा-तिघांनी पाहिलं. मॅट्रिकनंतर झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. इंटरनंतर वडिलांची ऐपत संपली, तेव्हा हेच गुरुजी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. कॉलेजातल्या हॉटेलवाल्याने पाणीसुद्धा दिलं नाही, पण म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी वाचायला पुस्तकं दिली. २ फेब्रुवारी १९१३ ला वडील वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. १९१५ मध्ये कोलंबियाची एम. ए. पदवी हाती आली.

यावर लोक म्हणतात, ते असामान्य बुद्धीचे होते, सगळ्यांना तो नियम लावू नका. पण हा नियम खुद्द बाबासाहेबांनीच मांडला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या चर्चेत त्यांनी सांगितलं, की ज्यांच्यात शिकण्याची कुवत आहे पण पैशाअभावी किंवा इतर अडचणींमुळे ज्यांना संधी मिळत नाही, त्यांना सोय करून देणं हे विद्यापीठाचं पहिलं काम आहे. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं.

हे सगळं मी मुस्लिम समाजासमोर मुद्दाम मांडतो आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. महाराष्ट्रात २०१४ मध्ये मुस्लिमांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांमधलं आरक्षण चालू ठेवायला परवानगी दिली. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपुष्टात आला. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या हातात जे आहे, त्याचं आपण काय करतो?

दर वर्षी निकाल लागले की गावोगावी आपले गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, फोटो. नव्वद टक्क्यांवाल्यांचा सत्कार होतो आणि जकातीच्या पैशातली शिष्यवृत्तीही बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येते. पंचेचाळीस टक्के मिळवणारा पोरगा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवर रुजू होतो. घरचे म्हणतात, त्याचं डोकंच नाही. तो किती जणांच्या खोलीत अभ्यास करत होता, शाळा सुटल्यावर कुठे कामाला जात होता, हे कोणी विचारत नाही. मुलगी असेल तर तिची टाळी वाजायच्या आत स्थळ बघायला सुरुवात झालेली असते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जमातीने, प्रत्येक ट्रस्टने आपल्या शिष्यवृत्तीचा निम्मा भाग चाळीस ते साठ टक्क्यांच्या मुलामुलींसाठी ठेवावा. अर्जावर फक्त गुण मागू नयेत. मुलाला बोलवावं, प्रश्न विचारावेत, उत्तरं नीट ऐकावीत. सयाजीरावांनी एवढंच केलं होतं, आणि त्यासाठी संस्थान असावं लागतं असं नाही. त्या काळात ९० टक्क्यांची अट घातली असती, तर २८२ गुणांचा तो मुलगा कोणाच्याच यादीत बसला नसता.