पाणी मोजले कोणी?

एखाद्या शेतकऱ्याला कालव्यातून किती पाणी मिळाले? प्रश्न गणिताच्या पुस्तकातला वाटतो. प्रवाहाचा वेग, चारीचा काटछेद आणि वेळ माहीत असली की उत्तर यायला हवे. पण नाशिक जिल्ह्यातल्या सिंचनाचा इतिहास पाहिला, तर या उत्तराला आणखी एक गोष्ट लागते असे दिसते. ती म्हणजे मोजणारा आणि ज्याचे मोजायचे तो, यांच्यातले नाते.

जुन्या काळापासून सुरुवात करू. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा घालायचा, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी द्यायला पाटकरी आणि पिकाची राखण करायला जागल्या असे. घनफुटांचा हिशेब कोणी ठेवत नसे. फड भिजला की नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसे. पाण्याची तूट आली, तर ती कशी वाटून घ्यायची हे पंच बसून ठरवत.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याखाली सरकारी कालव्यांवर वेगळी रीत रूढ झाली. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, खात्याच्या माणसाने भिजलेले क्षेत्र मोजायचे आणि पीक व क्षेत्र पाहून पाणीपट्टी आकारायची. या रीतीत शेतकऱ्याला दिलेले पाणी मोजलेच जात नव्हते. मोजली जात होती जमीन. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने रात्रभर पाणी सोडले, तरी पट्टी तेवढीच. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नसे, आणि त्याची तक्रार खरी ठरवायला आकडाच नव्हता. खात्याच्या वहीत धरणातून सोडलेले पाणी होते, शेतकऱ्यासमोर कोरडे शेत होते. दोघांचेही म्हणणे खरे होते.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. निफाड तालुक्यातले ओझर त्याच्या कालव्याच्या टेलला येते. तेथे समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याने संस्थेला पाणी घनमापाने मोजून द्यायचे, पुढची वाटणी संस्थेने करायची, आणि पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे, असा हा व्यवहार होता.

घनमापन कसे करतात? चारीतला प्रवाह ठरावीक आकाराच्या अरुंद गळ्यातून नेतात आणि त्याआधीच्या पाण्याची पातळी पट्टीवर वाचतात. पातळी दुप्पट झाली, तर प्रवाह दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होतो. कारण तो पातळीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. कोष्टक समोर असले की खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस एकच पट्टी वाचून एकच आकडा सांगू शकतात. भांडण संपत नाही, पण ते कशावर करायचे हे निश्चित होते.

मोजता मोजता आणखी एक प्रश्न आला. कालव्यातून झिरपलेले पाणी विहिरीत उतरते, ते कोणाचे? ओझरच्या संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून पाणी जिरवले आणि विहिरीवर भिजणाऱ्या क्षेत्रालाही पट्टी लावली. खात्याच्या वहीत जे पाणी 'गळती' होते, ते येथे 'पुनर्भरण' झाले. पाणी तेच, नाते बदलले तसे त्याचे नाव बदलले.

समाजशास्त्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती आणि संशोधन एकत्र चालावे असे मांडले. केनेथ गर्गेन यांनी १९७३ मध्ये दाखवले की माणसांविषयीचे निष्कर्ष माणसांना कळले की माणसे बदलतात. डायन मेरी हॉस्किंग यांच्यासारखे अभ्यासक पुढे जाऊन म्हणतात की ज्ञान नात्यांतून घडते, आणि मूल्यमापन हे बदलाच्या बाहेर उभे राहून होत नाही. ते बदलाचाच भाग असते.

आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना येथे शंका येते. मग आकडा बैठकीत ठरवायचा का? नाही. दीड घाताचा नियम कोणत्याही ठरावाने बदलत नाही. पण पट्टी कोठे लावायची, ती कोणी वाचायची आणि आकड्यावरून काय ठरवायचे, हे माणसेच ठरवतात.

त्या ठरवण्यात कोण बसते, हेही पाहावे लागते. वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात पुढे अशा संस्था झाल्या. २००५ च्या कायद्याने संचालक मंडळात कालव्याच्या तोंडाच्या, मधल्या आणि टेलच्या भागांना प्रतिनिधित्व दिले. पण सभासदत्व जमिनीशी जोडलेले राहिले. त्याच शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या भूमिहीन मजुराला पाण्याच्या बैठकीत जागा नाही; त्यामुळे त्याच्या कामाच्या दिवसांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न विचारायलाही कोणी नसते.

शाळेतही आपण रोज मोजतो. पुढच्या वेळी प्रगतिपुस्तक भरताना एवढे तपासून पाहू या: आपण मोजतो आहोत ते पाणी आहे की नुसतीच जमीन? आणि पट्टी वाचायला मूल आपल्या शेजारी उभे आहे का?