बरोबरी

"मोठ्यांची बरोबरी करू नये," हे वाक्य लहानपणी ज्याच्या कानावर पडले नाही असा मराठी माणूस विरळाच. पंगतीत थोरल्या भावाएवढीच जिलबी मागितली की हे वाक्य येई. गुरुजींना उलट प्रश्न विचारला की येई. आणि मोठेपणी साहेबाच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसावे असे मनात आले, तर ते वाक्य कुणी उच्चारण्याचीही गरज नसे. ते आपले आपणच आठवे.

पण हाच शब्द मैदानावर गेला की त्याचा अर्थ पालटतो. दोन संघ दीड तास झुंजले, दोघांचे गोल सारखे झाले, पंचाने अखेरची शिट्टी फुंकली की आपण म्हणतो, "सामना बरोबरीत सुटला." इंग्रजीत सामन्याच्या बरोबरीला एक शब्द आणि माणसामाणसांतल्या बरोबरीला दुसरा. आपल्या भाषेने मात्र दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. आपल्या देशातल्या फुटबॉलचा इतिहास वाचताना मला वारंवार वाटते, की भाषेने हे उगाच केलेले नाही. हा खेळ आपल्याकडे आला तो साहेबाबरोबर; आणि साहेबाशी बरोबरी करावी की नाही हाच त्या काळचा मोठा प्रश्न होता.

प्रथम साहेबाच्या घरी काय चालले होते ते पाहू. 1888 साली इंग्लंडात बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग काढली. या कामी पुढाकार होता बर्मिंगहॅम शहरातल्या विल्यम मॅग्रेगर नावाच्या एका कापडवाल्याचा. तो मूळचा स्कॉटलंडचा, आणि ॲस्टन व्हिला या क्लबाच्या कारभारातला. चषकाच्या स्पर्धेत हरला तो घरी जातो. मग उरलेले महिने खेळायचे कोणाशी आणि तिकिटे विकायची कशी, ही त्याची व्यापारी विवंचना. त्यावर तोड अशी निघाली, की प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. 8 सप्टेंबर 1888 रोजी पहिले पाच सामने झाले. चार सामन्यांत हारजीत झाली. पाचवा सामना होता वुल्व्हरहॅम्प्टन वॉंडरर्स आणि मॅग्रेगरचा ॲस्टन व्हिला यांचा. व्हिलाच्या कॉक्स नावाच्या खेळाडूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. पुढे ग्रीनने गोल करून व्हिलाची लाज राखली आणि सामना 1-1 असा सुटला. लीगमधला सर्वांत पहिला गोल म्हणजे कॉक्सचा हा स्वतःवरचाच गोल, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. अलीकडच्या शोधांनी तो मान बोल्टनच्या डेव्हनपोर्टला दिला आहे. बिचाऱ्या कॉक्सचे ओझे सव्वाशे वर्षांनी उतरले म्हणायचे!

या सामन्याने एक कोडे मात्र समोर ठेवले. विजयाची किंमत ठरवणे सोपे. बरोबरीची किंमत काय? गंमत अशी की लीग सुरू झाली तेव्हा याचे उत्तर ठरलेलेच नव्हते. काहींचे म्हणणे, विजय तेवढे मोजावे. बरोबरी म्हणजे शून्य. दुसऱ्यांचे म्हणणे, जो हरला नाही त्याच्या पदरात काहीतरी पडलेच पाहिजे. खेळ चालू, गुणांचा हिशेब अधांतरी, असे दोनअडीच महिने गेले आणि नोव्हेंबरात निर्णय झाला: विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. म्हणजे बरोबरी ही विजयाच्या अर्ध्या मोलाची ठरली. त्या वर्षी प्रेस्टन संघाने बावीस सामन्यांत एकही न हरता लीग जिंकली. त्यांचे अठरा विजय सर्वांना पाठ असतात. चार बरोबऱ्या कुणी मोजत नाही. पण त्या चारांतला एकेक गुण जमेला धरला तरच चाळिसाचा आकडा पुरा होतो.

त्याच 1888 साली इकडे सिमल्याच्या थंड हवेत ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि तीन वर्षांनी, 1891 साली, मुंबईत रोव्हर्स चषकाची. दोन्ही स्पर्धा गोऱ्या पलटणींच्या. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढे कित्येक वर्षे हाच क्रम. आपले लोक मैदानाच्या कडेला उभे राहून बघत. बूट घातलेले ते धिप्पाड सोजीर, तो चामड्याचा चेंडू, त्या शिट्ट्या. बघणाऱ्यांतल्या पोरांनी तो खेळ उचलला. पण बूट कोठून आणणार? म्हणून ते अनवाणीच खेळले.

आणि मग 1911 साल उजाडले. कलकत्त्याचा मोहन बागान हा बंगाली तरुणांचा क्लब आय. एफ. ए. शील्डच्या स्पर्धेत एकेक संघ मागे टाकीत उपांत्य फेरीत पोचला. एक खेळाडू सोडला तर बाकी सारे अनवाणी. समोर मिडलसेक्स रेजिमेंट. त्या सामन्याचा निकाल लागला 1-1.

29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून शील्ड जिंकली, हे सर्वांना ठाऊक आहे. कप्तान शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे ते दोन गोल बंगालात आजही देवाच्या नावासारखे घेतात. पण मला विचाराल तर त्या विजयाचे बी त्या आधीच्या बरोबरीत आहे. गोऱ्या संघावर तुरळक विजय आपल्या लोकांनी पूर्वीही मिळवले होते, आणि साहेबाला अशा विजयाची कारणे सांगता येत: ऊन होते, पाऊस होता, चेंडू वेडावाकडा उडाला. पूर्ण वेळ छातीला छाती लावून खेळल्यावर गुणफलक जेव्हा दोघांना सारखेच दाखवतो, तेव्हा सबब शोधणे कठीण जाते. त्या संध्याकाळी मैदानाबाहेर पडणाऱ्या हजारो माणसांना एकच गोष्ट उमगली असेल: हे आपल्याएवढेच आहेत, आणि आपण यांच्याएवढे. फेरसामना झाला तेव्हा मोहन बागानने तोच संघ 3-0 असा धुऊन काढला. बरोबरी एकदा मनात ठसली की विजय फार दूर राहत नाही.

त्या वेळी लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या पुण्याच्या मैदानांवर वाढलेला एक गोलंदाज इंग्लंडात साहेबांच्या यष्ट्या उडवीत होता. पळवणकर बाळू हे त्याचे नाव. 1911 च्या त्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. खेळ निराळा, क्रिकेटचा. पण बरोबरीची गोष्ट सांगताना बाळूला वगळून पुढे जाणे मला जमणार नाही. कारण साहेबाशी बरोबरी मागणारे आपण आपल्या घरात काय करीत होतो, ते बाळूच्या चरित्रात लिहिलेले आहे. हा चर्मकार समाजातला मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात सरावासाठी गोलंदाजी करून तयार झाला. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, म्हणून मैदानावर त्याला घेतले. त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळला. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसत, आणि बाळूला चहा बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले त्यात बाळूचा मोठा वाटा होता. तेव्हा कुठे लोकांच्या मनातल्या भिंती थोड्या हलल्या. मैदान माणसाला बरोबरीने वागवते. मैदानाची रेघ ओलांडली की पुढे कसे वागायचे ते ज्याने त्याने ठरवायचे असते.

पुन्हा फुटबॉलकडे वळू. 1923 साली मोहन बागान मुंबईला आला आणि रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. ड्यूरॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला 4-1 असे हरवले. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने मात्र तो चषक जिंकलाच. स्वातंत्र्यानंतर गोऱ्या पलटणी मायदेशी गेल्या आणि कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद पोलिसांचे राज्य आले. 1950 पासून ओळीने पाच वर्षे चषक त्यांचा. आता दोन्ही बाजूंना आपलेच लोक होते, आणि बरोबरीचा अर्थ पुन्हा एकदा बदलला.

चषकाच्या स्पर्धेला बरोबरी सोसत नाही. लीगमध्ये एकेक गुण वाटून दोघे सुखाने घरी जातात. चषक मात्र एकच असतो. म्हणून जादा वेळ खेळवतात, दुसऱ्या दिवशी फेरसामना घेतात. तरीही कोणी हटेना तर? आपल्याकडे तेव्हा एक सुंदर रीत होती. दोघांना विजयी म्हणून जाहीर करीत. 1960 साली ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे हाडवैरी संघ भिडले. निकाल लागेना, तेव्हा चषक दोघांना मिळून दिला. 1962 साली मुंबईत रोव्हर्सचा अंतिम सामना ईस्ट बंगाल आणि आंध्र पोलीस यांच्यात बरोबरीत सुटला आणि तोही चषक वाटून घेतला गेला.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिली आहे ती गोव्याची गोष्ट. 1883 साली शिवोलीला फादर लायन्स नावाच्या धर्मगुरूंनी मुलांच्या पायात चेंडू दिला, तेव्हापासून गोवेकरांच्या अंगात हा खेळ भिनला असे म्हणतात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. त्यानंतर प्रांताप्रांतांच्या संतोष ट्रॉफीत गोव्याचा संघ उतरू लागला. 1983 साली तो अंतिम फेरीत पोचला. सामना कलकत्त्यात, आणि समोर खुद्द बंगाल! केवढा प्रांत, केवढा दरारा, आणि सारे प्रेक्षक त्यांचे. गोव्याच्या गोलात उभे होते ब्रह्मानंद शंखवाळकर. सामना संपला, गोल नाही. फेरसामना झाला, त्यातही गोल नाही. ट्रॉफी दोघांच्या नावे लागली, आणि नकाशात बोटाच्या पेराखाली झाकून जाणारा गोवा बंगालच्या बरोबरीला बसला. पुढच्याच वर्षी गोव्याने ती ट्रॉफी एकट्याने जिंकली. पुन्हा तोच क्रम: आधी बरोबरी, मग विजय.

पुढे मात्र जगाची घाई वाढली. 1970 साली नियम करणाऱ्यांनी पेनल्टी किकांनी निकाल लावण्याची पद्धत मान्य केली. अकरांनी दोन तास घाम गाळायचा आणि शेवटी पाचपाच जणांनी बारा यार्डांवरून नशीब अजमावायचे. 1981 साली इंग्लंडच्या लीगने विजयाला दोनऐवजी तीन गुण ठरवले. 1994 साली विश्वचषकानेही तेच केले. घरातल्या मुलांना हे गणित जरूर घालावे. पूर्वी दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय होई. आता एका विजयाची भरपाई करायला तीन बरोबऱ्या लागतात. संघांनी भित्रेपणाने खेळू नये, गोलासाठी धडपडावे, हा यामागचा हेतू, आणि तो वाईट नाही. पण बरोबरीचे मोल अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आले हे खरेच.

पुण्यालाही या हिशेबाचा अनुभव आला. 2014 साली देशात इंडियन सुपर लीग सुरू झाली, तीत एफ. सी. पुणे सिटी हा आपला संघ होता. मार्च 2018 मध्ये तो प्रथमच उपांत्य फेरीत गेला. समोर बंगळूर, त्या वर्षी गुणांत सर्वांच्या वर, पुणे चौथे. बालेवाडीच्या मैदानावर पहिला सामना झाला आणि तो 0-0 असा सुटला. दुसरा सामना बंगळूरला. तेथे सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले आणि पुणे 3-1 असे हरले. वर्षभरात, 2019 साली, तो क्लबही पुण्यातून उठला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. चषक नाही, क्लब नाही. उरला तो एक गोलशून्य सामना. पण त्या नव्वद मिनिटांत पुणे देशातल्या सर्वांत बलवान संघापुढे तसूभर हटले नव्हते. त्याला कोणी शून्य म्हणू नये.

आमच्या खडकवासल्याला धरणाच्या पाण्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. जानेवारी 1955 मध्ये तिचे येथे उद्घाटन झाले. ज्या सैन्याच्या मैदानांवर एके काळी गोऱ्या पलटणी खेळत आणि आपण कडेला उभे राहत असू, त्याच सैन्याचे भावी अधिकारी येथे घडतात. पंजाबचा, मणिपूरचा, केरळचा, साताऱ्याचा मुलगा एका रांगेत धावतो, एकाच चेंडूमागे पळतो. कोणाच्या पायात बूट आहेत आणि कोणाच्या नाहीत, हा प्रश्न तेथे उरलेला नाही.

गावातल्या मैदानांवर सुट्टीच्या दिवशी सामने होतात. त्यांत पेनल्टी किकांना वेळ नसतो, कारण अंधार पडतो. 2-2 झाले की कोणीतरी "सुटला रे!" असे ओरडतो आणि सामना तेथेच थांबतो. धाकटी पोरे हटकून विचारतात, "पण जिंकलं कोण?" त्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. दोन्हीकडची बावीस पोरे, घामेजलेली, चिखलाने माखलेली, टपरीपुढे गोळा होतात. वडापावाचा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो. चहा एकाच किटलीतून येतो, एकसारख्या ग्लासांत. आणि कोणालाही तो बाहेर उभे राहून प्यावा लागत नाही, कारण सगळेच बाहेर उभे असतात.